डिक्सनचा सुळका, जॉनीची घळ

अंदमानातल्या हॅवलॉक बेटाभोवती स्कुबा डायव्हिंग कुठे कुठे करतात, याची यादी वाचायला घेतली की दोन नावं हमखास भेटतात. डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज. मराठीत डिक्सनचा सुळका आणि जॉनीची घळ. वाचणाऱ्याला वाटतं, असतील कुणी गोरे साहेब. तसं वाटणं साहजिक आहे. हॅवलॉक हे नावच मुळी कानपूर-लखनौच्या मोहिमेतल्या जनरल हेन्री हॅवलॉकचं. आसपासची बेटं नील, औट्रम, निकल्सन, हेन्री लॉरेन्स, जॉन लॉरेन्स अशी. १८५७चा उठाव मोडायला निघालेल्या फौजेची हजेरीच समुद्रात मांडून ठेवली आहे. डिक्सन आणि जॉनी मात्र त्या हजेरीतले नाहीत. ते मूळच्या ब्रह्मदेशातल्या करेन समाजातले पाणबुडे. समुद्राखालच्या त्या खडकांना त्यांची नावं मिळाली ती तिथल्या पाण्यात त्यांनी केलेल्या कामामुळे.

येत्या फेब्रुवारीत भाचीबरोबर मी तिथे जाणार आहे. बोट, हॉटेल, डाइव्ह सेंटर, पैसे असा सगळा तक्ता तिने करून पाठवला. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे त्या तक्त्यात मला एक रकाना कमी वाटला: इथे आधी कोण होतं? तो रकाना भरता भरता हा लेख झाला.

सगळ्यात आधी होते आकार-बाले. ग्रेट अंदमानी लोकांच्या टोळ्यांपैकी ही एक. रिची द्वीपसमूह, म्हणजे हॅवलॉक, नील आणि भोवतालची बेटं, हा त्यांचा मुलूख. झाडाचं खोड कोरून होडी करायची, भाल्याने कासव आणि समुद्रगाय टिपायची, उथळ पाण्यात धनुष्यबाणाने मासे मारायचे, असा त्यांचा दिनक्रम. अंदमानच्या किनाऱ्यावर अशा लोकांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे जुने ढिगारे आहेत. त्यात डुकराची हाडं आणि खापरांचे तुकडेही सापडतात. या समुद्राशी माणसाचं नातं किती जुनं आहे याचा तो पुरावाच. १८५८ साली पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत झाली आणि तिच्याबरोबर रोग आले. १८७७च्या गोवराच्या साथीने ग्रेट अंदमानी वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. १९०१च्या जनगणनेत ते सगळे मिळून ६२५ उरले होते, १९३१ला ९०. आकार-बाले तोवर संपलेच होते. हॅवलॉकला ‘अस्पर्शित बेट’ म्हणणारी जाहिरात वाचली की मला हे आकडे आठवतात. ते बेट मोकळं दिसतं, कारण तिथली माणसं मेली.

त्यानंतर माणसं या पाण्यात उतरली ती शंखांसाठी. ट्रोकस नावाचा एक शंख असतो, भोवऱ्यासारखा शंकूच्या आकाराचा, पांढऱ्यावर लालसर पट्टे असलेला. त्याच्या आतल्या थरात मोत्याची चमक असते, आणि त्या थरातून बटणं कापतात. माझ्या वडिलांच्या एका जुन्या सदऱ्याची शिंपल्याची बटणं मी जपून ठेवली आहेत. त्यातलं एक गालाला लावलं तर प्लॅस्टिकपेक्षा गार लागतं आणि हातात किंचित जड भरतं. वरून दुधी, प्रकाशात तिरपं धरलं की गुलाबी-हिरवी झाक मारतं. उलटं केलं की पाठीवर तांबूस रेघ दिसते. ती शंखाच्या बाहेरच्या सालीची खूण. प्लॅस्टिक येण्याआधी जगभरच्या सदऱ्यांना अशी बटणं लागत आणि त्यासाठी माणसं प्रवाळात बुड्या मारत. अंदमानात हा धंदा १९२९च्या सुमारास जपानी पाणबुड्यांनी सुरू केला. ट्रोकस आणि त्याचा मोठा भाऊबंद टर्बो, दोन्ही ते काढत.

त्याच दशकात करेन लोक आले. मध्य अंदमानातलं जंगल साफ करायला इंग्रजांना मजूर हवे होते. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातच मोडत होता. १९२५ साली तिथून करेन कुटुंबांना आणून मायाबंदरजवळ वसवलं. वेबी हे त्यांचं गाव. धर्माने ख्रिस्ती, म्हणून नावं डिक्सन, जॉनी अशी. शेती, लाकूडतोड, मासेमारी यांत ते तरबेज होते आणि पाण्याची भीती त्यांना ठाऊकच नव्हती. शंख, समुद्रकाकडी, शेवंड यांसाठी बुडी मारणाऱ्यांत करेन पुढे आले. डोंगीतून उतरायचं, एका श्वासात तळ गाठायचा, हाताला लागेल ते घेऊन वर यायचं. खडक कुठे संपतो, प्रवाह कुठल्या बाजूने आणि कुठल्या वेळी खेचतो, हे सगळं त्यांना अंगानेच कळत गेलं.

२००१ साली समुद्रकाकडी आणि ट्रोकससारखे शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आले. तो जुना धंदा बसला, पण त्यातून मिळालेली जाण वाया गेली नाही. साधारण त्याच सुमारास हॅवलॉकवर डाइव्ह सेंटरं उभी राहत होती. बोट चालवायला आणि पाहुण्याला सुखरूप खाली नेऊन वर आणायला समुद्र जाणणारी माणसं हवी होती. करेन तरुण बोटवाले झाले, डाइव्ह मास्टर झाले. समुद्रात दूर, पृष्ठभागावर काहीही दिसत नसताना खाली खडक आहे हे ओळखायचं, प्रवाह बघून नांगर टाकायचा, हे पुस्तकातून येत नाही. माझं माहेर देवगडचं. आमच्याकडेही तांडेल किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणून समुद्रातला खडक सांगतो. म्हणून डिक्सन-जॉनी या नावांचं मोल मला कळतं. हॅवलॉकच्या सरकारी नकाशावर सेनापतींची नावं होती. पाण्याखालच्या नकाशावर कामकऱ्यांची आली, हा मला या बेटाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल वाटतो.

बेटावरच्या वस्तीचीही अशीच गोष्ट. जेट्टीवर उतरून रिक्षात बसलं की चालक विचारतो, ‘तीन नंबर की पाच नंबर?’ तीन नंबर म्हणजे गोविंदनगर, पाच म्हणजे विजयनगर, सात म्हणजे राधानगर, जिथला किनारा ‘टाइम’ नियतकालिकाने २००४ साली आशियातला सर्वोत्तम ठरवला. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना १९५०च्या दशकात इथे जमिनी दिल्या. त्यांनी जंगल तोडून भातखाचरं केली, नारळ-सुपारी लावली आणि गावांना कृष्णाशी जोडलेली नावं दिली. आज ज्यांच्या वाडीतल्या झोपडीत आपण राहतो आणि ज्यांच्या हातचा मासळी-भात जेवतो, ती याच लोकांची नातवंडं. डिसेंबर २०१८ मध्ये बेटाचं नाव स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. सुभाषबाबूंनी १९४३ साली अंदमान आणि निकोबार या दोन द्वीपसमूहांसाठी ही नावं सुचवली होती. रिक्षावाला आजही नंबरच विचारतो.

त्याच १९४३ साली, अंदमान जपान्यांच्या ताब्यात असताना, फ्रान्समध्ये झाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी एक यंत्र बनवलं. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवत. त्यासाठी गान्यांने जो व्हॉल्व्ह केला होता, त्यातूनच हा रेग्युलेटर निघाला. श्वास घेतला की टाकीतली हवा बाहेरच्या पाण्याच्या दाबाइतकी होऊन तोंडात येते, नाही घेतला तर बंद राहते. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो, म्हणून वीस मीटरवर हवा वरच्यापेक्षा तिप्पट लागते. करेन पाणबुडा जो पल्ला एका श्वासात गाठायचा, तिथे आपल्यासारखी साधी माणसं पाऊण तास राहू शकतात, ती या व्हॉल्व्हमुळे. कुस्तोच्या चमूने पुढे अंदमानच्या समुद्रावर चित्रपटही केला.

तो समुद्र आता तसाच राहिलेला नाही. २६ डिसेंबर २००४च्या भूकंपाने अंदमानचा उत्तर भाग वर उचलला गेला. मीटरभराहून अधिक उचललेली प्रवाळं उन्हात पडून मेली. दक्षिणेला ग्रेट निकोबारचं इंदिरा पॉइंट चार मीटरहून अधिक खचलं. २०१०च्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की प्रवाळांनी आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकलं आणि ती पांढरीफटक पडली. ते शेवाळच त्यांना अन्न आणि रंग पुरवतं. उथळ पाण्यातली फांद्यांची प्रवाळं सर्वाधिक दगावली. काही पुन्हा उभारी धरताहेत. म्हणून भाचीला मी बजावलं आहे: प्रवाळावर पाय टेकायचा नाही, आणि शंख, शिंपला, प्रवाळाचा तुकडा, काहीही उचलायचं नाही, विकत घ्यायचं नाही.

आता तारखा. डाइव्ह सेंटरवाले जानेवारी ते एप्रिल चांगलं म्हणतात, ते बरोबरच आहे. पण दिवस मी कालनिर्णय उघडून ठरवले. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात धावतं आणि गढूळ होतं. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी संथ. सुळका आणि घळ दोन्ही उघड्या समुद्रात आणि खोल, तिथे प्रवाह हीच खरी अडचण. म्हणून खोल डाइव्ह भांगात ठेवल्या. आधी भाची उथळ नीमो रीफवर शिकेल; पहिल्या प्रशस्तिपत्राला अठरा मीटरचीच मुभा असते, त्याहून खोल जायला पुढचं प्रशिक्षण लागतं. मी आमच्या डॉक्टरांकडून तपासून दाखला घेतला आहे. मालवण-तारकर्लीला किनाऱ्यावरचीच मुलं आता पर्यटकांना पाण्याखाली नेतात, हे पाहिल्यावर हॅवलॉकच्या करेन पोरांचं काम मला अधिकच आपलं वाटतं.

एक बदल मात्र मी हट्टाने करून घेतला. मराठी सहली आधी सेल्युलर जेल दाखवतात, मग हॅवलॉक आणि लगेच परतीचं विमान. डायव्हिंग करणाऱ्याने हा क्रम उलटावा. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो, म्हणून अनेक डाइव्ह केल्यावर किमान अठरा तास विमानात बसायचं नसतं. तो सक्तीचा दिवस आम्ही पोर्ट ब्लेअरला, आताच्या श्री विजयपुरमला, ठेवला आहे. सकाळी बाजार नव्हे; थेट जेल. १९०६ साली पूर्ण झालेली ती इमारत, बाबाराव आणि तात्याराव हे दोघे सावरकर बंधू जिथे कोलू ओढत होते, ते आवार सावकाश, घाई न करता बघायचं.

आणि हॅवलॉकला बोटीवर चढताना आपल्याला खाली नेणाऱ्याला नाव, गाव विचारायचं. तो वेबीचा असला तर त्याच्या आजोबांचं कामही विचारायचं. या सुट्टीच्या खर्चात त्यांचा वाटा आहे, आणि तो पैशाने फिटणारा नाही. निदान ठाऊक तरी असावा.