डोंबिवली स्टेशनात सापडलेली संख्या

परवा चाकणच्या कारखान्यात नोकरीला असलेला माझा भाचा चिंचवडला घरी आला होता. लॅपटॉप उघडाच होता, म्हणून त्याला १११११११११ चा वर्ग करायला सांगितला. नऊ वेळा एक. उत्तर आले १२३४५६७८९८७६५४३००. आता एकाने संपणाऱ्या संख्येचा वर्ग शून्याने कसा संपेल? त्या स्प्रेडशीटला पंधरा आकड्यांपुढचे पेलत नाही. मग पाठकोऱ्या कागदावर गुणाकार मांडला. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली. बेरजेत एक, दोन, तीन करत मधल्या घरात नऊ येतात आणि पुढे उतरत जातात. हातचा कुठेच नाही! १२३४५६७८९८७६५४३२१.

या संख्येला 'डेम्लो संख्या' म्हणतात. डेम्लो म्हणजे जुन्या जी.आय.पी. रेल्वेवरचे, आजचे डोंबिवली स्टेशन. दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना या संख्यांची कल्पना तिथे सुचली, म्हणून त्यांनी स्टेशनचेच नाव दिले. (आपल्यापैकी किती जण त्या फलाटावर नुसते गाडीला शिव्या घालत उभे राहिले असतील!) त्यांनी पाहिले ते असे: १६५ मध्ये टोकाच्या १ आणि ५ ची बेरीज मधले ६. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५. आपल्या संख्येतही मधला ९ सोडून डावीकडचे १२३४५६७८ आणि उजवीकडचे ८७६५४३२१ मिळवा, सगळे नऊच.

शिवाय ती हर्षद संख्या आहे. हे नावही कापरेकरांचेच. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला पूर्ण भाग जातो. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. त्यातला आठ कुठे गेला, ते करून बघा.

कापरेकरांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये शिकताना १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवले आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवले. १९३९ मध्ये गुंजीकरांबरोबर डेम्लो संख्यांवर मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात लेख लिहिला. तरी पुष्कळ गणितज्ञांनी हा पोरखेळच मानला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात लिहिले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले. तोवर गुरुजी सत्तरीत.

टीका अगदीच खोटी नव्हती, हे मी मास्तर असूनही कबूल करतो. ही नक्षी दहाच्या पटीत लिहिण्याच्या आपल्या पद्धतीची आहे. पद्धत बदला, जिना कोसळतो. १११११११११ चे ३, ३, ३७ आणि ३३३६६७ हे मूळ अवयव मात्र तसेच राहतात. पण वर्गात पोराला फळ्यापर्यंत ओढून आणायला जिनाच लागतो, अवयव नंतर.

भाचा चहा गार करून दहा एकांचा गुणाकार मांडत बसला. मधल्या घराशी थांबला. म्हणाला, "मामा, इथे हातचा एक आला."