दुसरी कळ

कोकेनच्या व्यसनावर औषध शोधण्याची कथा सांगायची, तर ती कोकेनलाच औषध समजले गेले तेथून सुरू करावी लागते. कोकाच्या पानांतून हे द्रव्य अल्बर्ट नीमन या जर्मन रसायनज्ञाने १८६० च्या सुमारास वेगळे काढले. १८८४ साली व्हिएन्नातील तरुण डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड त्याच्या गुणांवर लुब्ध झाला. त्याचा स्नेही फ्लाइश्ल-मार्क्सो असह्य वेदनांपायी मॉर्फिनच्या आहारी गेला होता. ते सुटावे म्हणून फ्रॉइडने त्याला कोकेन सुचवले. परिणाम असा, की त्याला कोकेनचाही फास बसला, आणि १८९१ साली तो वारला. त्याच १८८४ साली फ्रॉइडचा सहकारी कार्ल कोलर याने बेडूक, ससा, कुत्रा यांच्या डोळ्यांत कोकेनचे थेंब घालून पाहिले आणि डोळा बधिर करण्याची युक्ती वैद्यकाला दिली. एकाने मित्राला औषध दिले; दुसऱ्याने आधी बेडकाला विचारले.

पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न प्रयोगशाळेतील उंदराला विचारला जाऊ लागला. त्याच्या शिरेत बारीक नळी आणि पुढ्यात एक कळ. कळ दाबली की द्रव्य रक्तात. १९८५ साली बोझार्थ आणि वाइज यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांना अहोरात्र मोकळीक होती. तीस दिवसांत हेरॉइन घेणारे ३६ टक्के उंदीर मेले, कोकेन घेणारे ९० टक्के!

वाचकहो, उंदराला कुणाची वाईट संगत लागलेली नसते, की आईने लाडावून ठेवलेले नसते. तरीही तो मरेपर्यंत कळ दाबतो. म्हणजे व्यसनी माणसाला केवळ नादान म्हणून भागत नाही. मेंदूत सुखाचा निरोप देणारे डोपामिन परत शोषले जाते. कोकेन ते शोषणच अडवते, आणि निरोप घुमतच राहतो.

मग यावर लस का असू नये? कोकेनचा रेणू इतका लहान, की शरीराची संरक्षकसेना त्याची दखल घेत नाही. म्हणून तो मोठ्या प्रथिनाला बांधून टोचायचा. तयार झालेली प्रतिपिंडे रक्तातच कोकेनला धरून ठेवतात, मेंदूपर्यंत पोचू देत नाहीत. १९९५ साली कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेत हे उंदरांवर साधले. माणसांत मात्र, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पुरेशी प्रतिपिंडे फक्त ३८ टक्के लोकांत आली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीतही अपेक्षित यश पदरी पडले नाही. या व्यसनावर अमेरिकेत मान्यता मिळालेले एकही औषध अद्याप नाही.

तेव्हा ते सारे मुके जीव व्यर्थ गेले काय? मला तसे वाटत नाही. २००७ साली फ्रान्समधील बोर्दो येथे उंदरांपुढे दोन कळा ठेवण्यात आल्या: एक कोकेनची, दुसरी सॅकरिनने गोड केलेल्या पाण्याची. ९४ टक्के उंदीर गोड पाण्याकडे वळले! एकच कळ असलेल्या पिंजऱ्यात जे अटळ भासत होते, ते दुसरी कळ येताच बहुतेकांनी सोडून दिले. माणसांतही, कोकेन टाळल्याची तपासणीने खात्री पटली की लहानसे बक्षीस देण्याची पद्धत आजवरच्या उपायांत विशेष गुणकारी ठरली आहे.

औषधाचा शोध चालू राहो. पण तोवर एखाद्या घरातला मुलगा या फासात सापडला असेल, तर त्याच्यापुढे दुसरी कळ कोणती ठेवता येईल, एवढा विचार आपणही करू शकतो. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.