महाविद्यालयीन बेसबॉल संघाची हंगामपूर्व तयारी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप
(विशेष संदर्भ : जव्हार व मोखाडा तालुके, जि. पालघर)

प्रस्तावना

खेळाच्या इतिहासात सामन्याची नोंद राहते, तयारीची सहसा राहत नाही. धावसंख्या, विजेता संघ, चषक आणि तारीख एवढे वार्षिक अहवालात येते. त्या सामन्यापूर्वी विद्यार्थी किती दिवस मैदानावर होते, कोणत्या ऋतूत होते आणि घरच्या कोणत्या कामातून वेळ काढून आले होते, हे येत नाही. वस्तुतः संघ घडतो तो याच न नोंदलेल्या काळात. प्रस्तुत लेखात महाविद्यालयीन बेसबॉलच्या हंगामपूर्व तयारीचा इतिहास अमेरिका, जपान व महाराष्ट्र अशा तीन ठिकाणी पाहून, त्याच्या प्रकाशात जव्हार व मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांत नव्या हंगामासाठी संघ उभा करणे म्हणजे काय, याचा विचार केला आहे.

या भागासंदर्भात बेसबॉलची निवड करण्यामागे एक कारण आहे. क्रिकेटमध्ये शहरातील महाविद्यालयांच्या पाठीशी अनेक पिढ्यांचे क्लब, मैदाने आणि प्रशिक्षक उभे असतात. बेसबॉल हा आपल्याकडे उशिरा आलेला खेळ असल्याने येथे नवखे आणि मुरलेले यांच्यातील अंतर तुलनेने कमी आहे. डोंगराळ तालुक्यातील महाविद्यालयाला ज्या थोड्या खेळांत जवळजवळ एकाच रेषेवरून सुरुवात करता येईल, त्यांपैकी हा एक होय.

लेखाची उद्दिष्टे

१) महाविद्यालयीन बेसबॉलमधील हंगामपूर्व तयारीची परंपरा कशी घडली हे पाहणे.
२) महाराष्ट्रातील महाविद्यालयीन व संघटित मैदानी खेळांच्या वाटचालीशी तिची तुलना करणे.
३) जव्हार-मोखाड्यातील श्रमाचे वेळापत्रक आणि खेळाचा हंगाम यांतील विसंगती तपासणे.

महाविद्यालयीन बेसबॉलचा उगम

बेसबॉल १८३९ मध्ये अब्नेर डबलडे यांनी शोधून काढला ही कथा दीर्घकाळ प्रचलित होती. संशोधकांनी ती आता निराधार ठरविली आहे. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ मध्ये केलेले लेखी नियम हा या खेळाच्या आधुनिक रूपाचा एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो. दोन महाविद्यालयांतील पहिला सामना १ जुलै १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड येथे अ‍ॅमहर्स्ट आणि विल्यम्स यांच्यात झाला व तो अ‍ॅमहर्स्टने ७३ विरुद्ध ३२ असा जिंकला. त्यानंतर याच दोन महाविद्यालयांत बुद्धिबळाचा सामनाही झाला. शरीर आणि बुद्धी यांची कसोटी एकाच भेटीत घ्यावी, असा त्यामागील विचार होता.

हा सामना मॅसॅच्युसेट्स पद्धतीने खेळला गेला. प्रत्येक संघात १३ गडी होते आणि धावणाऱ्याला चेंडू फेकून मारल्यास तो बाद होत असे. आपल्याकडील लगोरीत पळणाऱ्या गड्याला चेंडू मारून बाद करतात, त्याची येथे आठवण होते. पुढे न्यूयॉर्कचे नियम रूढ झाले. एका संघात ९ खेळाडू, ९ डाव आणि दोन बेसमधील ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४३ मीटर अंतर स्थिर झाले.

अ‍ॅमहर्स्टचे खरे वैशिष्ट्य मात्र मैदानाबाहेर आढळते. या महाविद्यालयाने १८६० मध्ये स्वतंत्र व्यायामशाळा उभारली आणि १८६१ मध्ये एडवर्ड हिचकॉक यांची आरोग्य व शारीरिक शिक्षणाच्या अध्यापनासाठी नियुक्ती केली. व्यायाम हा विद्यार्थ्यांच्या हौसेचा भाग न राहता वेळापत्रकाचा भाग बनला. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात मैदाने बर्फाखाली असतात. म्हणून बंदिस्त जागेत चेंडूफेक, झेल आणि धावण्याचा सराव करून वसंतातील हंगामाला सामोरे जाण्याची पद्धत पडली. हवामानाची अडचण होतीच. संस्थेने तिच्यावर जागा आणि तास देऊन मात केली.

जपानचा दाखला

होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने १८७२ च्या सुमारास टोकियोत विद्यार्थ्यांना बेसबॉल शिकविला असे मानले जाते. परक्या देशाचा हा खेळ तेथे रुजला तो प्रामुख्याने शिक्षणसंस्थांतून. टोकियोतील ‘इचिको’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या उच्च विद्यालयाच्या संघाने २३ मे १८९६ रोजी योकोहामातील परदेशी रहिवाशांच्या क्लबचा २९ विरुद्ध ४ असा पराभव केला. ज्यांचा खेळ, त्यांनाच विद्यार्थ्यांनी हरविले, या घटनेने जपानी समाजात मोठा आत्मविश्वास निर्माण झाला.

या विजयाचे श्रेय केवळ जिद्दीला देणे अपुरे ठरेल. इचिकोमध्ये १८९० पासून विद्यार्थ्यांच्या स्वयंशासित वसतिगृहाची व्यवस्था होती. एकाच आवारात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना हिवाळ्यासह वर्षभर सराव करणे त्यामुळे शक्य झाले. याच विद्यालयाच्या परिवारातील चुमान कानाए यांनी १८९४ च्या सुमारास या खेळासाठी ‘याक्यू’, म्हणजे मैदानी चेंडू, हा जपानी शब्द रूढ केला. पुढे १९०५ मध्ये प्राध्यापक आबे इसो यांच्या नेतृत्वाखाली वासेदा विद्यापीठाचा संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला आणि तेथील सरावाची तंत्रे शिकून परतला. वसतिगृह, भाषा आणि अध्यापकाचा सहभाग या तीन गोष्टींनी परका खेळ आपला झाला, असे या इतिहासातून दिसते.

महाराष्ट्रातील मैदान

महाराष्ट्रात संघटित खेळाला अशीच संस्थात्मक बैठक लाभली, परंतु ती मुख्यतः शहरांत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधण्यास आरंभ केला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. मुंबईत कांदिवली येथे १९३८ मध्ये शारीरिक शिक्षणाचे शासकीय प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. क्रिकेटमध्ये प्रा. दि. ब. देवधर यांचे उदाहरण लक्षणीय आहे. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. आंतरविद्यापीठ क्रिकेटसाठी रोहिंटन बारिया चषक १९३५ मध्ये सुरू झाला होता.

बेसबॉलचे संघटन मात्र भारतात बरेच नंतर, १९८० च्या दशकात झाले. महाराष्ट्रात सॉफ्टबॉल आणि बेसबॉल हे खेळ प्रामुख्याने क्रीडाशिक्षकांच्या प्रयत्नांतून शाळा-महाविद्यालयांत पोहोचले. पुष्कळदा तेच खेळाडू दोन्ही खेळ खेळतात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी बेसबॉल-सॉफ्टबॉल आणि क्रिकेट यांचा एकाच वेळी समावेश करण्यात आला आहे. त्यामुळे महाविद्यालयांत या खेळाकडे नव्याने लक्ष जाणे स्वाभाविक आहे.

जव्हार-मोखाडा : ऋतू, वेठ आणि स्थलांतर

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. मोखाडा हा ब्रिटिश अमलातील ठाणे जिल्ह्याचा भाग होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला तेव्हा हे दोन्ही तालुके त्यात समाविष्ट झाले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी या समाजांची येथे वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांत अनुसूचित जमातींचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे.

या प्रदेशाच्या इतिहासात वेळेचा प्रश्न फार जुना आहे. मराठीत ‘गडी’ म्हणजे खेळाडू. त्याचप्रमाणे ‘गडी’ म्हणजे राबणारा नोकरही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी सावकाराच्या घरी राबणाऱ्याला ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात ‘लग्नगडी’ म्हणत. ज्या वयात शहरातील तरुण महाविद्यालयाच्या संघाचा गडी होत होता, त्याच वयात येथील तरुण कर्जाचा गडी होत होता. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे झालेल्या किसान सभेच्या परिषदेनंतर उंबरगाव-डहाणू भागात वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात त्याचा वृत्तान्त दिला आहे. या लढ्याकडे मजुरी व जमिनीच्या दृष्टीने पाहिले जाते ते योग्यच आहे. परंतु माणसाच्या दिवसावर कोणाचा हक्क, हाही त्यातील एक मूलभूत प्रश्न होता.

वेठ संपली, तरी वेळेवरील ताण पूर्णपणे संपला नाही. जून ते सप्टेंबर हा मुसळधार पावसाचा आणि भात, नाचणी, वरईच्या लागवडीचा काळ. त्यानंतर कापणी व झोडणी. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्या, बांधकामे आणि शेतमजुरीसाठी भिवंडी, वसई, कल्याण, नाशिककडे जातात. होळीला बहुतेक गावी येतात, काही पुन्हा परततात. एप्रिल-मे महिन्यांत अनेक पाड्यांवर पाण्याची टंचाई असते. मुंबईला पाणी पुरविणारे मध्य वैतरणा धरण याच परिसरात असावे, हा विरोधाभास सर्वपरिचित आहे.

महाविद्यालयीन स्पर्धांचे वर्ष साधारणतः पावसाळ्यात सुरू होते आणि आंतरविद्यापीठ सामने हिवाळ्यात किंवा त्यानंतर येतात. म्हणजे निवडीसाठी तयारी हवी तेव्हा मैदान चिखलात आणि हात लावणीत. आणि संघ जुळून आला की त्यातील काही विद्यार्थ्यांच्या घराला कुलूप. बेसबॉलमध्ये ९ जणांच्या जागा परस्परांवर अवलंबून असतात. पिचर आणि कॅचर यांची खुणांची भाषा अनेक आठवड्यांच्या सहवासातूनच जुळते. त्यांपैकी एक जण निघून गेला, तर उरलेल्या ८ जणांची तयारीही काही अंशी वाया जाते.

तयारीचे स्थानिक आधार

या अडचणींचा अर्थ येथे क्षमता नाही असा होत नाही. होम प्लेटपासून दुसऱ्या बेसपर्यंतचे अंतर सुमारे ३८.८ मीटर असते. कॅचरला एवढ्या अंतरावर नेमका चेंडू फेकावा लागतो. शेताची राखण करताना गोफण आणि बेचकी वापरलेल्या मुलांची नेमकी नजर या कौशल्याच्या जवळची आहे. विटीदांडूत उडालेल्या विटीवर टोला मारण्यातही तीच नजर कामी येते. अर्थात गोफण फिरविणे आणि बेसबॉल फेकणे या भिन्न क्रिया आहेत. खांद्याला दुखापत होऊ नये म्हणून फेकींची संख्या हळूहळू वाढविणे व मध्ये विश्रांती देणे आवश्यक असते; अंगभूत ताकद हा पद्धतशीर सरावाला पर्याय नाही.

धावण्याच्या बाबतीत शेजारचेच उदाहरण पुरेसे आहे. नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याची कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले. मोखाड्याला लागून असलेल्या तालुक्यातील ही कन्या. पाड्यावरील धाव पदकापर्यंत पोहोचली, ती नाशिकमध्ये सलग, नियमित प्रशिक्षण मिळाल्यामुळे, हे येथे विसरता येत नाही.

कुरणशाळेचा दाखला

शिक्षणाच्या क्षेत्रात या जिल्ह्याने या प्रश्नाचे एक उत्तर पूर्वीच शोधले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले बालशिक्षणाचे कार्य पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे विस्तारले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. मुलाला घंटेकडे बोलाविण्याऐवजी घंटा मुलाच्या दिनक्रमाशी जुळविली. कुरणशाळेचे हे तत्त्व महाविद्यालयीन मैदानालाही लागू पडते.

त्यानुसार काही गोष्टी विचारार्थ मांडता येतील. पावसाळ्यात सभागृहात किंवा व्हरांड्यात झेल, पायांची हालचाल व खुणांचा सराव, रोज थोडा वेळ, पण वेळापत्रकातच ठेवावा. लावणीच्या पंधरवड्यात सक्ती करू नये. प्रत्यक्ष मैदानी सरावाचा भर पाऊस ओसरल्यापासून दिवाळीपर्यंत असावा आणि दुर्गम महाविद्यालयांचे प्राथमिक सामने शक्यतो त्याच काळात व्हावेत. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील खेळाडूंना वसतिगृहात प्राधान्य मिळावे. ग्लोव्ह, हेल्मेट व कॅचरचे संरक्षक साहित्य खर्चिक असल्याने दोन-तीन महाविद्यालयांनी ते सामाईक ठेवावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने क्रीडेला अभ्यासक्रमात श्रेयांकांसह स्थान देण्याची वाट मोकळी केली आहे. ती वाट या भागात केवळ कागदावर राहू नये.

निष्कर्ष

अ‍ॅमहर्स्टची व्यायामशाळा, इचिकोचे वसतिगृह, डेक्कन जिमखान्याचे मैदान आणि कोसबाडची कुरणशाळा या चार संस्था परस्परांहून अत्यंत भिन्न आहेत. तथापि, तरुणांना स्वतःसाठी वापरता येईल असा वेळ त्या प्रत्येकीने निर्माण केला. विद्यार्थ्याचा मोकळा वेळ ही निसर्गदत्त गोष्ट नव्हे. कोठे तो कुटुंबाच्या संपन्नतेतून येतो. जेथे तशी संपन्नता नाही तेथे तो संस्थेने द्यावा लागतो. जव्हार-मोखाड्यातील संघ स्पर्धेत कमी पडत असेल, तर त्याची कारणे खेळाडूच्या अंगात शोधण्यापूर्वी त्याच्या वर्षभराच्या कामाच्या यादीत शोधली पाहिजेत.

यासाठी आरंभ म्हणून एक साधी गोष्ट करता येईल. प्रत्येक महाविद्यालयाने निकालाच्या नोंदीबरोबर सरावाच्या हजेरीचीही महिनावार नोंद ठेवावी : जुलैमध्ये किती जण आले, दिवाळीनंतर किती उरले, जे गेले ते कोठे व का गेले. दहा वर्षांनी हीच वही या भागाच्या सामाजिक इतिहासाचे एक विश्वसनीय साधन ठरेल. आणि तत्पूर्वी, येणाऱ्या हंगामासाठी कोणत्या खेळाडूला प्रथम वसतिगृहाची खोली द्यावी, हेही तीच सांगेल.