आसऱ्याचा कारभार

लग्नाचा बस्ता बांधायला निपाणीकर कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातात. ती कापडपेठ फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी उभी केली, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याआधी, 1943 ते 1948 या काळात, तिथेच वळिवड्याच्या छावणीत सुमारे 5,000 पोलिश माणसे राहत होती. त्यांत बायका आणि मुलेच जास्त. सोव्हिएत रशियात हद्दपार झालेली ही कुटुंबे इराणमार्गे इथवर पोहोचली होती. त्यांना आसरा देण्याचा निर्णय ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचा, खर्चाचा भार लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारवर, आणि जागा कोल्हापूर संस्थानातली. एका मुलाच्या शाळेमागे अशी तीन सरकारे उभी होती. निर्वासितांच्या अभ्यासाचा गाभा मला तिथेच दिसतो: आसरा एक सरकार देते, पण मूल वाढवायची जबाबदारी दुसऱ्यावर येते.

स्वतंत्र भारतातही हेच घडले. परकीय नागरिक आणि त्यांचा देशात प्रवेश हे राज्यघटनेने केंद्राच्या सूचीत ठेवले. जमीन, पोलीस, दवाखाना राज्यांकडे राहिले. शिक्षणही 1976 पर्यंत राज्यांकडेच होते. तिबेटी निर्वासितांना देशात घेतले दिल्लीने, पण 1966 मध्ये मुंडगोडची वसाहत उभी राहिली ती तेव्हाच्या म्हैसूर राज्याने दिलेल्या जमिनीवर, निजलिंगप्पा मुख्यमंत्री असताना. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या मनात निजलिंगप्पांचे नाव सीमावादामुळे रुतलेले आहे. म्हणूनच त्या कारकिर्दीतले हे कामही त्याने नीट पाहावे.

भारताने 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. त्यामुळे मुलांच्या हक्कांचा शोध इतर कायद्यांत घ्यावा लागतो. बालहक्क करार आपण 1992 मध्ये स्वीकारला. त्याचे 22 वे कलम निर्वासित मुलांविषयीच आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाबद्दल बोलतो, आणि वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नये असे स्पष्ट सांगतो. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार निराधार मूल जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे जाते, आणि ती समिती नेमते राज्य सरकार. म्हणजे दिल्लीतल्या धोरणाची खरी परीक्षा मुख्याध्यापकांच्या टेबलावर होते. माझ्या मते आपल्या अभ्यासाने याच टेबलाकडे फार कमी लक्ष दिले आहे.

निपाणी-बेळगावच्या विद्यार्थ्यांना मी या विषयाकडे आग्रहाने बोलावतो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत गाव जागेवरच राहिले आणि राज्य बदलले. दाखला कोणत्या भाषेत, अर्ज कोणत्या कचेरीत, हे प्रश्न इथल्या घराघरांत आहेत. निर्वासिताचे दुःख याहून फार मोठे, त्याची बरोबरी कोणी करू नये. पण मराठी आणि कन्नड दोन्ही कागद वाचू शकणारा अभ्यासक कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जसा बसू शकेल, तसाच मुंडगोडच्या तालुका कचेरीतही. त्याने आधी शाळांचे जुने पट मागावेत आणि पाहावे, मुलाचे नाव घालताना जन्मगावाच्या रकान्यात काय लिहिले होते, आणि ते लिहायला कोणी परवानगी दिली होती.