जुन्या मोटारीचा आवाज



जुन्या मोटारींची मिरवणूक निघाली, की रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी राहतात. पितळी दिवे, लाकडी सुकाणूचक्र, चामड्याच्या बैठका, आरशासारखा रंग यांची जो तो तोंडभर स्तुती करतो. मात्र त्या मोटारीत बसणाऱ्यांच्या कानांवर त्या काळी काय पडत असेल, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक मोटारीच्या इतिहासात आवाजाचाही एक अध्याय आहे, आणि जुनी मोटार जतन करू पाहणाऱ्या गृहस्थापुढे आज त्याच अध्यायाने एक पेच उभा केला आहे. जुना रेडिओ नीट बोलत नाही. नवा बसवावा, तर मोटारीचे रूप बिघडते. रूप तसेच राखून आवाज तेवढा सुधारता येईल काय? आणि येत असला, तरी तसे करणे योग्य काय? या दोन प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे.

मोटारीत रेडिओ बसविण्याचे प्रयोग फार पूर्वीच सुरू झाले. परंतु तो सामान्य मोटारमालकाच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन यांच्या कारखान्याकडे जाते. १९३० साली त्यांनी असा संच बाजारात आणला. ‘मोटार’ या शब्दाला तत्कालीन ध्वनियंत्रांच्या नावांत आढळणारा ‘ओला’ हा प्रत्यय जोडून त्यांनी त्यास ‘मोटोरोला’ म्हटले, आणि १९४७ साली कारखान्यानेच ते नाव धारण केले. जर्मनीत ब्लाउपुंक्ट कंपनीने १९३२ साली काढलेल्या संचाचे वजन सुमारे १५ किलो, तर किंमत ४६५ मार्क होती. म्हणजे जवळजवळ एका मोटारीच्या किमतीचा तिसरा हिस्सा! एवढे धूड चालकाच्या पुढ्यात मावणे शक्य नव्हते. म्हणून यंत्र आत कोठेतरी दडवावयाचे आणि सुकाणूच्या दांड्यावर फक्त खुंट्या ठेवावयाच्या, अशी योजना करावी लागली. यंत्र दृष्टीआड ठेवण्याची जी युक्ती आज नवी म्हणून सांगितली जाते, ती अशी मोटार-रेडिओच्या बाल्यापासूनच चालत आलेली आहे.

त्या काळच्या कारागिरांपुढे दोन मोठी संकटे होती. पहिले विजेच्या दाबाचे. रेडिओतील निर्वात नळ्यांना शेकडो व्होल्टचा दाब लागे, आणि मोटारीची बॅटरी तर बहुधा ६ व्होल्टची. यावर ‘व्हायब्रेटर’ नावाची एक चिमुकली कळ उपयोगी पडली. तिची पोलादी पट्टी सेकंदाला शंभरएक वेळा थरथरून बॅटरीचा सरळ प्रवाह तोडी व जोडी; त्या तुटक प्रवाहाचा दाब मग ट्रान्स्फॉर्मरने वाढवून घेता येई. जुना संच सुरू करताच गाण्याच्या आधी जी बारीक गुणगुण ऐकू येते, ती या पट्टीची. दुसरे संकट खुद्द इंजिनाचे. त्यातील प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटे प्रक्षेपण केंद्रच. ते रेडिओत खरखर ओती. ठिणगीच्या तारांत रोधक आणि डायनॅमोपाशी कंडेन्सर बसवून ती खरखर शमवावी लागे.

आता आपल्याकडे वळू. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्याची शक्ती अवघी दीड किलोवॅट. १९३३ च्या कायद्याने रेडिओ बाळगण्यास परवाना आवश्यक ठरला. शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ साली पहिली मोटार बाहेर पडली, आणि पुढे तेथेच बनलेली फियाट ११०० ही महाराष्ट्रातील मध्यमवर्गाची मोटार झाली. तिचीच वारस ती प्रीमियर पद्मिनी. परंतु आपल्या देशात रेडिओ हा बहुधा मोटारीचा जन्मजात अवयव नव्हता. मोटार घ्यावी, ऐपत होईल तेव्हा रेडिओ घ्यावा, आणि तो एखाद्या कारागिराकडून बसवून घ्यावा, असा क्रम असे. तेव्हा ज्याला आज आपण ‘मूळचा रेडिओ’ म्हणून जपतो, तोही पुष्कळदा मागाहून आलेला पाहुणाच असतो, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

मूळचा संच असा पाहुणा. मग मूळचा आवाज कोणता? हे पाहण्यासाठी खानदेशातील नशिराबादचे उदाहरण घेऊ. जळगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यानचे हे जुने गाव. पूर्वी ६ क्रमांकाचा आणि आता ५३ क्रमांकाचा झालेला राष्ट्रीय महामार्ग याच बाजूने जातो. येथून लोहमार्गाने मुंबई सुमारे ४३० किलोमीटर, तर नागपूर सुमारे ४०० किलोमीटर. म्हणजे नशिराबाद या दोन शहरांच्या जवळजवळ मध्यावर पडते. नागपूरचे केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. तेव्हा दोन केंद्रांच्या मधोमध असलेल्या या गावाला दोन्ही उत्तम ऐकू येत असतील, असे वाटेल. वस्तुस्थिती उलट होती. दिवसा वातावरणाच्या उंच थरांतील एक थर मध्यम लहरी शोषून घेतो, आणि त्या केवळ जमिनीलगत, थोड्याच अंतरापर्यंत पोहोचतात. सूर्य मावळला, की तो थर विरतो. मग त्याहून वरच्या थरावरून त्याच लहरी परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात.

तात्पर्य, १९५० च्या सुमारास भरदुपारी या रस्त्याने जाणाऱ्या मोटारीत मध्यम लहरींचा काटा कितीही फिरवला, तरी खरखरीपलीकडे फारसे हाती लागण्यासारखे नव्हते. दिवेलागणीनंतर मात्र मुंबई, नागपूर आणि कितीतरी दूरची केंद्रे एकमेकांत मिसळून येऊ लागत. लघुलहरींचा पट्टा असलेला संच ज्याच्याजवळ असेल, तो रेडिओ सिलोन लावी. १९५२ पासून अमीन सयानी यांच्या ‘बिनाका गीतमाले’ने त्या केंद्राला घरोघर पोहोचविले. ३ ऑक्टोबर १९५७ पासून विविधभारती आली. आणि नशिराबादच्या अगदी शेजारी, जळगावात, आकाशवाणीचे केंद्र १९७६ साली सुरू झाले, तेव्हा कोठे या टापूतील मोटारीत दिवसाढवळ्या जवळच्या माणसाचा स्वच्छ आवाज घुमू लागला.

आता सांगा, या रस्त्यावरील १९५० च्या मोटारीचा ‘मूळ’ आवाज कोणता? दुपारची खरखर, रात्रीची मुंबई, बुधवारचे सिलोन, की २६ वर्षांनंतरचे जळगाव? मोटार तीच, संच तोच; पण आवाज दर दशकास पालटत गेला. आवाज हा कधीच एकट्या मोटारीचा नव्हता. तो मोटार आणि आकाश यांच्या भागीदारीतून उत्पन्न होत होता. मोटारीचे जे खरोखर मूळचे आहे, ते तिचे लोखंड, लाकूड, पत्रा, आणि कारखान्यात त्याला पडलेली भोके. आवाज बदलला म्हणून इतिहास बुडत नाही. पत्रा कापला, म्हणजे मात्र तो बुडतो.

आणि पत्रा पुष्कळ कापला गेला! १९५५ साली अमेरिकेत क्रायस्लर आणि फिल्को या कंपन्यांनी केवळ ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला. ट्रान्झिस्टरला मोठा दाब नको. त्यामुळे हळूहळू व्हायब्रेटर गेला, निर्वात नळ्या गेल्या, संच हलका झाला. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली, आणि १९८० नंतर आपल्याकडे तिचा सुळसुळाट झाला. कॅसेटचा संच जुन्या रेडिओच्या जागेत बसेना, म्हणून चालकासमोरची पट्टी कानशीने वाढविण्यात आली. कर्णे हवेत म्हणून दारांना वाटोळी छिद्रे पाडली, मागच्या काचेखालची फळी कापली. ज्यांनी हे केले, ते दुष्ट नव्हते. त्यांच्या लेखी ती रोजच्या वापरातील मोटार होती, पुराणवस्तू नव्हती. परंतु त्यांनी काढून टाकलेला रेडिओ भंगारात गेला, आणि पाडलेली छिद्रे अजून तशीच आहेत.

यावर कोणी म्हणेल, की मग जुना संच आहे तसा ठेवावा व त्याला हातही लावू नये. हे मत आदरणीय आहे. पण त्याला एक अडचण आहे. ज्या आकाशाशी त्या संचाची भागीदारी होती, ते आकाशच रिकामे होत चालले आहे. जर्मनीच्या सार्वजनिक नभोवाणीने २०१५ च्या अखेरीस मध्यम लहरींवरील आपली उरलेली प्रक्षेपणे बंद केली. नॉर्वेने तर २०१७ साली राष्ट्रीय केंद्रांचे एफ. एम. प्रक्षेपणही थांबविले. संच कितीही उत्तम दुरुस्त केला, तरी बोलणाराच उरला नाही, तर तो मुका होणार. शिवाय जिच्यात बसून प्रवास सुखाचा होत नाही, ती मोटार घराबाहेर निघत नाही, आणि उभी राहिलेली मोटार गंजते. घरच्या मंडळींनी तिच्यात आवडीने बसावे, ही अपेक्षा म्हणूनच चैनीची समजू नये. तिच्या रक्षणाचाच तो एक भाग आहे.

तर मग मार्ग कोणते? एक असा, की जुन्या संचाचा दर्शनी भाग, म्हणजे तबकडी, काटा, खुंट्या, तसाच ठेवून आतील यंत्र काढावे व त्या पेटीत नवे बसवावे. बाहेरून पाहणाऱ्यास काही कळत नाही. त्याच खुंटीने आवाज वाढतो, आणि खिशातील दूरध्वनीवरचे गाणे तारेवाचून त्यात उतरते. दुसरा मार्ग असा, की जुना संच मुळीच उघडू नये. नवे यंत्र आसनाखाली अथवा सामानाच्या कप्प्यात ठेवावे, आणि त्याची कळ कोठेतरी आडोशाला असावी. पहिल्या मार्गात चेहरा राहतो, पण देह जातो. म्हणून ज्या घरी जुना संच शाबूत आहे, तेथे दुसराच मार्ग श्रेयस्कर, असे माझे स्पष्ट मत आहे. मोडका, आतून आधीच रिकामा झालेला संच असेल, तर पहिल्याला हरकत नसावी.

कर्ण्याबद्दलही तेच. जुन्या मोटारीत बहुधा एकच कर्णा असे, आणि मध्यम लहरींवर ५,००० आंदोलनांच्या वरचे सूर फारसे येतच नसत, एफ. एम. वर ते १५,००० पर्यंत येतात. हा फरक ऐकू येण्यास दारे कापण्याचे कारण नाही. दोन वेटोळ्यांचा एक कर्णा मिळतो. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे संगीत त्या एकाच कर्ण्यातून निघते, आणि तो जुन्या जाळीमागे, जुन्याच स्क्रूंवर बसू शकतो.

विजेचा हिशेब मात्र आधी मांडावा. त्या काळच्या अनेक मोटारींचा डायनॅमो भर वेगात साधारण २० ते २२ अँपिअर प्रवाह देई, आणि इंजिन मंद चालू असता जवळजवळ काहीच नाही. ४५ वॅटचे दोन पुढचे दिवे १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर घेतात. ८० वॅट खेचणारा ध्वनिवर्धक आणखी सुमारे सात. दोन्ही मिळून डायनॅमोच्या शक्तीचा बहुतेक दोनतृतीयांश भाग तेथेच खर्ची पडतो. त्यात जुनी तार कापडाच्या वेष्टनाची असली, तर ती तापून पेट घेण्याचे भय. नव्या यंत्रास थेट बॅटरीपासून स्वतंत्र तार व स्वतंत्र फ्यूज हवा. त्या काळच्या अनेक इंग्रजी मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. तेथे आजचे यंत्र विचार न करता जोडले, तर ते क्षणात जळते. ६ व्होल्टच्या मोटारीस दाब वाढविणारे वेगळे उपकरण लागते.

या विषयास आता कायद्याचीही बाजू आली आहे. भारत सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी, मूळ स्वरूपात राखलेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. मात्र तिच्या सांगाड्यात, बाह्यांगात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. रेडिओचा तेथे निर्देश नाही. तो मालकाच्या विवेकावर सोडलेला आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने वास्तुरक्षणाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेवरून बेतलेली जी ट्युरिनची सनद २०१३ च्या सुमारास स्वीकारली, ती या विवेकाला दिशा देते. केलेला बदल शक्यतो परत फिरविता यावा, त्याची नोंद राहावी, आणि काढलेले मूळ भाग मोटारीबरोबरच जपावे, असा तिचा आशय आहे.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निघून गेली. आता या मोटारी प्रामुख्याने घराघरांतून उरतील, आणि त्या राखण्याचे काम कोणा संग्रहालयाचे नसून घरच्यांचे असेल. तेव्हा ज्या दिवशी आपण असे काम हाती घ्याल, त्या दिवशी कारागिराला एवढेच सांगावे, की एकही नवे भोक पाडावयाचे नाही. आणि जे काही निघेल, जुना कर्णा, तारेचा तुकडा, जाळीचा स्क्रूसुद्धा, ते एका डब्यात घालून, वर तारीख व काय बदलले ते लिहून, मोटारीच्याच सामानाच्या कप्प्यात ठेवावे. आणखी ५० वर्षांनी ती मोटार ज्याच्या हाती येईल, त्याला तो डबा उघडून, वाटल्यास, सारे पूर्ववत करता आले पाहिजे.