प्रयोगशाळेंतून रुग्णशय्येकडे

वैद्यकाच्या इतिहासांत शोध लागल्याचा दिवस सर्वांना ठाऊक असतो. त्या शोधानें पहिल्या रोग्याला गुण केव्हां आला, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. ह्या दोन दिवसांमधली वाट एकट्या शास्त्रज्ञाला चालतां येत नाहीं. तिच्यासाठीं अनेक संस्थांचे हात एकत्र यावे लागतात. जपानांतील मूलपेशींच्या संशोधनाची हकीकत ह्या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे.

जिच्यापासून शरीरांतील निरनिराळ्या पेशी निर्माण होऊं शकतात ती मूलपेशी. पूर्ण वाढलेली पेशी पुन्हां ह्या बाल्यावस्थेंत नेतां येईल काय, हा प्रश्न क्योटो विश्वविद्यालयाच्या शिन्या यामानाका ह्यांनीं हातीं घेतला. काझुतोशी ताकाहाशी ह्या सहकाऱ्यासह त्यांनीं 24 जनुकें पारखलीं. गाळतां गाळतां चारच उरलीं. तेवढ्या चारांनीं उंदराच्या शेपटीच्या टोकांतील पेशी मूलपेशीसारखी होते, हें त्यांनीं 2006 सालीं दाखविलें. पुढच्याच वर्षीं मानवी पेशींतहि तें साधलें, व 2012 सालीं यामानाका ह्यांना जॉन गर्डन ह्यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु पारितोषिकानें कोणाला दृष्टि येत नाहीं. हें जाणून जपानी सरकारनें 2013 पासून दहा वर्षांत सुमारें 110 अब्ज येन ह्या कार्याला देण्याचें ठरविलें. 12 सप्टेंबर 2014 रोजीं कोबे येथें सत्तरी ओलांडलेल्या एका स्त्रीच्या डोळ्यांत, तिच्याच त्वचेपासून तयार केलेल्या पेशींचा पातळ पापुद्रा बसविण्यांत आला. रिकेन संस्थेच्या मासायो ताकाहाशी ह्यांच्या नेतृत्वाखालीं झालेला हा जगांतील पहिलाच प्रयोग. वर्षानंतर पाहतां पापुद्रा जागच्या जागीं होता. दृष्टि सुधारली नव्हती, पण ढासळलीहि नव्हती.

दुसऱ्या रोग्याचीहि तयारी झाली होती. पण त्याच्या पेशींच्या जनुकांत बिघाड आढळले, आणि शस्त्रक्रिया थांबविण्यांत आली. ज्याची दृष्टि दिवसेंदिवस मंदावत आहे त्याला 'थांबा' म्हणणें सोपें नव्हे. परंतु अशा पेशींपासून अर्बुद होण्याची भीति असतां घाई करणें म्हणजे रोग्याच्या जिवाशींच खेळ झाला असता.

ह्या अडथळ्यानंतर वाट बदलली. प्रत्येक रोग्याच्या पेशी स्वतंत्रपणें वाढवावयाच्या तर महिनेच्या महिने लागतात आणि पैसा पाण्यासारखा खर्च होतो. म्हणून ज्यांच्या पेशी पुष्कळांच्या शरीराला परक्या वाटत नाहींत असे दाते हुडकून क्योटोच्या संस्थेनें पेशींचें कोठारच उभारण्याचें काम चालविलें. दाते शोधण्यास जपानी रेड क्रॉसनें हातभार लावला. केवळ सात दात्यांच्या पेशी जपानच्या सुमारें 40 टक्के लोकांना जुळतात, असें दिसून आलें. मार्च 2017 पासून ह्याच कोठारांतील पेशी पांच नेत्ररोग्यांना देण्यांत आल्या. पेशी क्योटोच्या, त्यांचें रूपांतर रिकेनकडे, शस्त्रक्रिया कोबेच्या रुग्णालयांत, साहाय्य ओसाका विश्वविद्यालयाचें, अशी ही वांटणी होती. पुढें 2018 सालीं क्योटो येथें कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूंत पेशी घालण्यास आरंभ झाला. अशा सात रोग्यांचा वृत्तांत 2025 सालीं प्रसिद्ध झाला. कोणालाहि गंभीर अपाय झाला नाहीं, आणि परिणामासाठीं तपासलेल्या सहांपैकीं चौघांच्या हालचालींत सुधारणा दिसली.

ह्या इतिहासाची दुसरी बाजूहि विसरूं नये. नोव्हेंबर 2014 पासून जपानी कायद्यानें अल्प पुराव्यावरहि असे उपचार सशर्त विकण्याची मुभा दिली. पुराव्याआधीं बाजार उघडणें योग्य काय, असा आक्षेप अनेक शास्त्रज्ञांनीं घेतला. त्या आक्षेपाला उत्तर म्हणून कोबेच्या त्या थांबविलेल्या शस्त्रक्रियेकडे बोट दाखवावेंसें वाटतें. आशा व सावधगिरी ह्यांची जोडी फुटूं न देणें, हेंच राष्ट्रीय सहकार्याचें खरें काम होय.