सारस, मामा तलाव आणि आपली सहल

नववीतली नवेगावबांधची सहल आठवते ना? गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला वेगळा झाला, त्यामुळे तेव्हा नवेगावबांध आपल्याच भंडारा जिल्ह्यात होते. हा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सर पाळीवर उभे राहून सांगत होते आणि आपले लक्ष माकडांकडे आणि चिवड्याच्या डब्याकडे. मी ते वहीत उतरवले आणि विसरले. संगणकापुढे वीस वर्षे काढल्यावर आता त्या वाक्याकडे परत आले आहे.

कोहळ्यांनी तलाव बांधले ते धानासाठी. पक्षी त्यांच्या हिशेबात नव्हते. पण उथळ पाणी, काठची दलदल आणि खालच्या बांध्या मिळून पक्ष्यांचे घर आपोआप तयार झाले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, मागे 'मामा तलाव' हे नाव उरले. गाळ कोणी काढायचा, पाळ कोणी सांभाळायची, हे ठरेना. काठाला बेशरम माजली.

पक्ष्यांकडे नीट पाहणारी माणसे आपल्याकडे क्लब निघण्याच्या आधीपासून होती. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार हे त्यातले एक. वनाधिकारी मारुती चितमपल्ली तिथे आले आणि पाटलांच्या सोबतीने जंगल, तलाव शिकले. 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. चितमपल्लींचा 'पक्षिकोश' मी पुण्यात विकत घेतला. आपल्या शेजारचे पक्षी मला पुस्तकातून भेटले, याची थोडी लाजही वाटते.

संस्थांचे काम पुढचे. गोंदियाच्या 'सेवा' संस्थेने सावन बहेकर यांच्या पुढाकाराने सारस वाचवायला घेतला. माणसाएवढा उंच हा पक्षी पावसाळ्यात धानाच्या बांधीतच गवताचा ढीग रचतो आणि बहुधा दोन अंडी घालतो. तेवढ्या जागेतले धान जाते. आमचे आबाजी असे घरटे उचलून धुऱ्यावर ठेवत. त्यांना त्यात वावगे वाटत नसे, आणि त्या वर्षी पोट भरायचे होते हेही खरे. संस्थेच्या तरुणांनी अशाच शेतकऱ्यांच्या घरी बसून, चहा पिऊन, घरटे राहू द्यायला त्यांना राजी केले. दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी पहाटे सारसगणना होते, वैनगंगेपलीकडे बालाघाटातही. अर्जुनी-मोरगावकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला सोबत घेऊन तलावांतली बेशरम काढली, देशी पाणवनस्पती लावल्या. मला हे काम सगळ्यात मोलाचे वाटते, कारण मासा आला की पक्षी येतो आणि ढिवराचे घरही चालते.

तरी सारस धोक्यात आहेच. विजेच्या तारा आणि शेतातली विषारी औषधे त्याच्या जिवावर उठतात. 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि जिल्हावार सारस संवर्धन समित्या नेमायला लावल्या. आपल्या भंडारा जिल्ह्यात तर सारस बोटांवर मोजावे इतकेच.

गेल्या पावसाळ्यात गावी गेले तेव्हा भाऊ पंप पाठीवर घेऊन फवारत होता. मी विषय काढला. "ताई, तू पुण्याहून सांगतेस," एवढेच तो म्हणाला. मला उत्तर सुचले नाही. येत्या गणनेला आपल्या वर्गातल्या तिघी आणि मी गोंदियाला जाणार आहोत, भाऊही येतो म्हणाला आहे. दुर्बिणी दोनच आहेत. कोणाकडे असेल तर घेऊन या.